घरचं वर्कशॉप : गिअर सटकणाऱ्या ट्रॅक्टरचं काय करायचं?



मागच्या महिन्यात विहिरीवरच्या मोटारीबद्दल लिहिलं. त्यानंतर आलेल्या पत्रांत एकच प्रश्न तीन-चार जणांनी विचारला. गावी जुना ट्रॅक्टर आहे, इंजिन पहिल्या हाकेला सुरू होतं, पण चालता चालता गिअर सटकतो. बाबा किंवा काका एका हाताने गिअरची दांडी दाबून धरतात आणि दुसऱ्या हाताने स्टेअरिंग सांभाळतात. मुलं पुण्याला, बेंगळुरूला. ती विचारतात, "काका, विकून टाकावा का? की दुरुस्त होईल?"

उत्तर आधीच सांगतो. गिअर सटकणाऱ्या ट्रॅक्टरला दोनच वाटा आहेत. एक तर तो नीट दुरुस्त करायचा, नाहीतर उभा करून ठेवायचा. दांडी हाताने धरून किंवा जुन्या ट्यूबची पट्टी बांधून चालवणं ही तिसरी वाट नाही. उतारावर भरलेली ट्रॉली मागे असताना गिअर सटकला, तर इंजिनाचा रोध क्षणात जातो, ट्रॉली मागून ढकलते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. जुन्या ट्रॅक्टरचे ब्रेक किती भरवशाचे असतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

दुरुस्ती घरच्या अंगणात होऊ शकते का? होऊ शकते, पण पाना उचलण्याआधी दुखणं नेमकं कुठे आहे हे ओळखता आलं पाहिजे. आज त्याबद्दलच.

जुन्या ट्रॅक्टरची घडण

आपल्या भागात यंत्राची आणि शेतीची गाठ जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली आणि पुढे कडबा कापायचं यंत्र व लोखंडी नांगर बनवले. १९१० साली ते किर्लोस्करवाडीला गेले. लोखंडाच्या नांगराने जमीन बिघडेल अशी शंका तेव्हा शेतकऱ्यांना वाटायची. त्यांचीच नातवंडं-पतवंडं पुढे ट्रॅक्टरवर बसली. फरीदाबादला आयशरचा ट्रॅक्टर १९५९ साली तयार झाला. पुढच्या दहा-बारा वर्षांत मद्रासला मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने आणि पिंजोरला एचएमटीमध्ये झेटॉरच्या सहकार्याने ट्रॅक्टर बनू लागले. आज गावोगावी गोठ्याशेजारी दिसणारे बरेचसे जुने ट्रॅक्टर याच घराण्यांतले.

ट्रकला असते तशी खालची चासी या ट्रॅक्टरांना नसते. इंजिन, क्लचचं घर, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल ही ओतीव लोखंडाची खोकी एकमेकांना बोल्टने जोडलेली असतात आणि तोच ट्रॅक्टरचा कणा. १९१७ च्या फोर्डसनपासून ही पद्धत रुळली. त्यामुळे क्लच बदलायचा तरी ट्रॅक्टर मधोमध वेगळा करावा लागतो, आणि गिअरबॉक्स बाहेर काढायचा तर दोन ठिकाणी. ऐकून छातीत धस्स होतं. पण आत इलेक्ट्रॉनिक काही नाही. जे आहे ते डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं.

गिअरबॉक्सवर किती भार येतो, याचा साधा हिशेब करू. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचा घेर साधारण ४ मीटर. सर्वांत हळू गिअरमध्ये वेग ताशी २ किलोमीटर धरला, तर मिनिटाला ३३ मीटर, म्हणजे चाकाचे जेमतेम ८ फेरे. त्याच वेळी इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असतं. म्हणजे इंजिनाचे अडीचशे फेरे आणि चाकाचा एक! वेग जितका कमी होतो, तितका पीळ वाढतो. नांगर दगडाला अडकला की तो सगळा पीळ गिअरच्या दोन-तीन दातांवर येतो. वर्षानुवर्षं हे सोसलेल्या दातांच्या कडा झिजणारच.

यातल्या बऱ्याच जुन्या गिअरबॉक्समध्ये गिअरचं चाकच शाफ्टवरून सरकून दुसऱ्या चाकात जाऊन बसतं. मोटारीत असतो तसा वेग जुळवून देणारा सिंक्रो तिथे नसतो. म्हणून ट्रॅक्टर पूर्ण थांबवूनच गिअर बदलायचा असतो. चालत्या ट्रॅक्टरवर 'कर्र' करून गिअर टाकला की दाताच्या तोंडाची एक-एक कपची उडते.

नवा दात शाफ्टला समांतर आणि सपाट असतो. झिजून तो एका बाजूला निमुळता झाला, की भार येताच गिअर त्या उतारावरून बाहेर घसरू पाहतो. त्याला जागेवर धरायला एक पोलादी गोळी आणि तिच्यामागे स्प्रिंग असते. गिअर सटकतो तेव्हा दोष सहसा चारांपैकी एका ठिकाणी सापडतो: गोळी-स्प्रिंग, गिअर सरकवणारा फोर्क, दात, किंवा शाफ्टचं बेअरिंग. पहिल्यासाठी बहुधा फक्त वरचं झाकण उघडावं लागतं. शेवटच्यासाठी अख्खा ट्रॅक्टर वेगळा करावा लागतो. म्हणून आधी ओळखायचं, मग उघडायचं.

दुखणं ओळखायचं कसं?

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, हँडब्रेक ओढा, चाकांना ओट लावा आणि फक्त कान द्या.

न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि क्लच दाबल्यावर थांबते? मग गिअरबॉक्समध्ये शिरणारा शाफ्ट किंवा त्याच्या जोडीचा खालचा शाफ्ट, यांचं बेअरिंग संशयित. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज येतो? मग रिलीज बेअरिंग. प्रत्येक गिअरमध्ये, पण ट्रॅक्टर चालतानाच आवाज येत असेल तर दोष गिअरबॉक्सच्या मागे, क्राउन-पिनियनच्या बाजूला पाहायचा. फक्त वळताना आवाज आला तर डिफरन्शियलकडे. ठरावीक अंतराने 'टक… टक…' येत असेल, तर कुठला तरी दात तुटलेला असण्याची शक्यता मोठी.

उभ्या ट्रॅक्टरवर गिअर टाकतानाच 'कर्र' होत असेल, तर गिअरबॉक्सला दोष देण्याची घाई करू नका. क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तरीही कर्र झालं, तर क्लच पूर्ण सुटत नाही असं समजा. पुष्कळदा पेडलची मोकळी चाल नीट केल्यावर हे दुखणं जातं. हे न पाहता गिअरबॉक्स उघडला, तर पैसे आणि आठवडा दोन्ही वाया.

आता सटकण्याबद्दल. सहा पुढचे आणि दोन मागचे गिअर असलेल्या ट्रॅक्टरला बहुधा दोन दांड्या असतात, एक मुख्य गिअरची आणि दुसरी हाय-लोची. तीन गिअर गुणिले दोन म्हणजे सहा. या गुणाकारातच तपासणी दडलेली आहे. तिसरा गिअर हायमध्येही सटकतो आणि लोमध्येही सटकतो, पण पहिला-दुसरा नीट बसतात, तर दोष मुख्य पेटीत आणि तोही तिसऱ्याच्या दातांत, फोर्कमध्ये किंवा गोळी-स्प्रिंगमध्ये. तिन्ही गिअर लोमध्ये ठीक आणि हायमध्ये सटकतात, तर हाय-लोच्या भागात. सगळेच सटकत असतील, तर एखादं बेअरिंग झिजून शाफ्ट मागेपुढे हलत असेल. वहीत सहा चौकोन आखा आणि रिकाम्या शेतात, सपाटीवर, ट्रॉली न जोडता एकेक गिअर तपासून खूण करा. ही वही तुमच्या मिस्त्रींना दाखवा. ते खूश होतील.

शेवटची साक्ष तेलाची. खालचा बोल्ट काढून थोडं तेल जुन्या धोतराच्या कापडातून गाळा आणि त्यात लोहचुंबक फिरवा. चुंबकाला करड्या रंगाचा मऊ लगदा चिकटणं ही वयाची खूण आहे, तिची काळजी नको. बोटाला टोचणारी कपची, चपटे तुकडे किंवा बेअरिंगच्या जाळीचे अवशेष मिळाले, तर उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. चुंबकाला न चिकटणारी पिवळी चमक दिसली तर पितळी किंवा ब्राँझचा बुश झिजतो आहे. तेल ताकासारखं पांढरट झालं असेल तर पाणी शिरलंय. गिअरच्या दांडीचं रबर फाटलेलं असलं आणि ट्रॅक्टर पावसात उघड्यावर उभा राहिला की हे हमखास होतं.

रोहिणीच्या आधीचे सहा दिवस

खानापूर तालुक्यात माझ्या चुलतभावाकडे, दादाकडे, १९८८ सालचा ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आहे. गेल्या मे महिन्यात शेणखताची ट्रॉली घेऊन तो शेताच्या उतारावरून येत होता आणि तिसरा गिअर सटकला. ट्रॉलीने ट्रॅक्टरला ढकलत नेलं. पुढचं चाक बांधाला टेकलं म्हणून थांबला. कुणाला खरचटलंही नाही, पण वहिनी दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत.

पुतणी पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिने त्याच रात्री फोन केला. "बाबा, विका तो. मला ट्रॅक्टर नको, तुम्ही हवे आहात." दादाचं म्हणणं असं, की रोहिणी नक्षत्र लागायला तीन आठवडेही नाहीत, भाताची धूळपेरणी तोंडावर आली आहे आणि भाड्याचा ट्रॅक्टर त्या दिवसांत मागून मिळत नाही. दोघांचंही बरोबर होतं. म्हणून मी एवढंच म्हटलं, "आधी तपासू. तोवर ट्रॅक्टर दारातून हलणार नाही." मी उद्यमबागेत तीस वर्षं गिअर कापायच्या मशीनसमोर काढली आहेत, म्हणून दादाने ऐकलं.

सहा चौकोनांची वही केली. तिसरा गिअर हायमध्येही सटकत होता, लोमध्येही. वरचं झाकण उघडलं तर स्प्रिंगचे दोन तुकडे. सगळ्यांचे चेहरे उजळले. नवी स्प्रिंग आणि गोळी टाकली. रिकाम्या ट्रॅक्टरवर गिअर छान टिकला, पण कल्टिव्हेटर लावताच पुन्हा सटकला. त्यातच गाळलेल्या तेलात बेअरिंगच्या जाळीचा तुकडा सापडला होता. स्प्रिंग तुटलेली होती हे खरं, पण मूळ दुखणं तिच्या मागे होतं. ट्रॅक्टर वेगळा करावा लागणार हे तेव्हा ठरलं.

हे काम मी एकट्याने करायचा प्रश्नच नव्हता. जवळच्या गावातले एक वयस्कर मेस्त्री रोजावर घरी आले. बोलणं कानडी, समज पक्की. पुतणीही चार दिवसांची रजा काढून आली. म्हणाली, "तुम्ही करणारच असाल तर मी समोर असलेली बरी."

वेगळा करताना

या कामात हात जाऊ शकतो, पाय जाऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर दीड टनाच्या वरच भरतो. म्हणून इथे सावकाश वाचा.

जागा सिमेंटची किंवा फरशीची, सपाट हवी. मातीत जॅक रुततो. बॅटरीची तार आधी काढायची, डिझेलचा कॉक बंद करायचा. ज्या ट्रॅक्टरांत गिअर, मागचा अ‍ॅक्सल आणि हायड्रॉलिक यांचं तेल एकच असतं, त्यांत ते तीस लिटरच्या आसपास निघतं. तेवढी भांडी आधी तयार ठेवा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढच्या अ‍ॅक्सलची. तो मधल्या एका खिळीवर डोलता असतो, म्हणून तर पुढची चाकं खाचखळग्यांत वरखाली होतात. ट्रॅक्टर एकसंध आहे तोवर मागची चाकं तोल सांभाळतात. मधून वेगळा केला, की इंजिनाचा भाग त्या एका खिळीवर कुठल्याही बाजूला कलंडू शकतो. म्हणून बोल्ट सैल करण्याआधी अ‍ॅक्सल आणि इंजिनाच्या मधल्या फटीत दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी घट्ट ठोकायच्या. इंजिनाच्या खाली आणि मागच्या भागाच्या तोंडाखाली जाड सागवानी किंवा बाभळीचे ठोकळे द्यायचे. विटा आणि पोकळ सिमेंटचे ब्लॉक चालणार नाहीत. ते सांगून सवरून फुटत नाहीत. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवायचा नाही आणि आंब्याच्या फांदीला चेन पुली बांधायची नाही. आम्ही गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी घोडी भाड्याने आणली आणि पुली तिला लावली. लोंबकळणाऱ्या वजनाखाली कुणी हातसुद्धा घालायचा नाही.

पुतणीचं काम इथे सुरू झालं. प्रत्येक तार, दांडा आणि नळी काढण्याआधी फोटो, मग चिकटपट्टीवर नंबर. बोल्टसाठी तिने पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढला आणि त्यात भोकं पाडून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचला. लांब बोल्ट आखूड बोल्टच्या भोकात गेला, तर आतलं काही दाबलं जातं किंवा आटे जातात. मेस्त्री आधी हसले. दुसऱ्या दिवशी तेच विचारत होते, "पुठ्ठा कुठाय?"

धुणं, मोजणं, बदलणं

गिअरबॉक्सच्या कामात निम्मा वेळ धुण्यात जातो आणि तो जायलाच हवा. चिखल-तेलाच्या थराखाली तडा दिसत नाही. डिझेलने धुवायचं, पेट्रोलने कधीही नाही. पुसायला सुती जुनं कापड घ्या. सुताचा गुंता वापरला तर त्याचे धागे आत राहतात. कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग गरगर फिरवायची हौस मुलांना असते. ती करू देऊ नका, कारण कोरडं बेअरिंग तसं फिरवलं की त्याच्या आतल्या वाटा खरवडतात.

आमच्या पेटीत मुख्य शाफ्टचं बेअरिंग इतकं ढिलं झालं होतं, की शाफ्ट हाताने मागेपुढे हलत होता. त्यामुळे तिसऱ्याचे दात अर्धेच एकमेकांत बसायचे आणि बाहेरच्या कडेला निमुळते झाले होते. फोर्कचं टोकही झिजलेलं. चार संशयितांपैकी चारही दोषी, पण सुरुवात बेअरिंगने केलेली.

बेअरिंग आणायला जाताना त्याच्या कडेवर कोरलेला नंबर टिपून न्या. समजा ६२०८ लिहिलं आहे. पहिला ६ म्हणजे एका ओळीत गोळ्या असलेलं साधं बेअरिंग, २ ही त्याची माप-मालिका आणि शेवटच्या ०८ ला ५ ने गुणलं की आतल्या भोकाचं माप, ४० मिलिमीटर. याचं बाहेरचं माप ८० आणि जाडी १८ मिलिमीटर. हे नंबर सगळीकडे सारखेच. त्यामुळे ट्रॅक्टर कंपनीचा सुटा भाग मिळाला नाही, तरी बेअरिंगच्या दुकानात तोच नंबर मिळू शकतो. बिल मात्र घ्या, कारण नकली माल खूप आहे.

बेअरिंग बसवताना हातोडा थेट मारायचा नाही. शाफ्टवर घट्ट बसणारी ती आतली कडी, म्हणून दाबही तिच्यावरच यायला हवा. तेवढ्या मापाचा पाइपचा तुकडा वापरा. बाहेरच्या कडीवर ठोकलं, तर तो मार गोळ्यांमधून जातो आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी जखमी होतं. गरज पडली तर तेलात शंभर अंशांपर्यंत तापवा. गॅसची ज्योत लावू नका.

झिजलेल्या दातावर वेल्डिंग करून घासून देणारे भेटतील. गिअरच्या दाताचा वरचा थर उष्णतेची प्रक्रिया देऊन कडक केलेला असतो. वेल्डिंगच्या आचेने तो कडकपणा जातो आणि दात पुन्हा तुटून बाकीचेही घेऊन जातो. गिअर बदलायचा तर त्याच्या जोडीदारासह बदला. जुन्या चाकाबरोबर नवं चाक नीट नांदत नाही. क्राउन आणि पिनियन तर कारखान्यातच एकमेकांशी जुळवलेले असतात, त्यांचा सेट फोडायचाच नाही.

ऑईल सीलची किंमत सगळ्यांत कमी, पण ते चुकलं तर सगळं काम परत. सीलच्या ओठाची बाजू तेलाकडे हवी. ओठाला आधी तेल लावा आणि शाफ्टच्या खाचांवर कागद गुंडाळून मगच सील सरकवा, नाहीतर खाचेची धार ओठ कापते. पॅकिंगचा कागद जुन्याच जाडीचा घ्या. काही जागी ती जाडीच शाफ्टची मागेपुढे हलण्याची जागा ठरवते.

ट्रॅक्टर उघडलाच आहे, तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगही पाहून घ्या. ती सहा महिन्यांनी गेली तर पुन्हा हेच सगळं करावं लागेल.

जोडणं

दोन्ही भाग परत जोडताना घाई नडते. गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या खाचा क्लच प्लेटच्या खाचांत शिरल्या पाहिजेत. शिरत नाहीत म्हणून बोल्ट आवळून ओढायचा मोह होतो. असं केलं की प्लेटचा मधला भाग वाकतो किंवा ओतीव घराचा कान तुटतो, आणि ओतीव लोखंडाचा कान जोडणं सोपं नाही. एक गिअर टाकून शाफ्ट हाताने किंचित फिरवत राहायचं आणि दुसऱ्याने मागचा भाग ढकलायचा. खाचा जुळल्या की तो आपसूक आत सरकतो. दोन्ही तोंडं हाताने ढकलून टेकली, की मगच बोल्ट.

आमच्याकडे हे पाऊण तास चाललं. दादा अधीर झाला होता. मेस्त्री एकच शब्द म्हणत होते, "सावकाश… सावकाश…" पुतणीने मला हळूच विचारलं, "हे मराठीत बोलताहेत की कानडीत?" दोन्हींत, बाळ. आपल्या भागात हा शब्द दोन्हीकडे एकच आहे.

तेल पुस्तकात सांगितलेलंच भरा. हायड्रॉलिकचं आणि गिअरचं तेल एकच असेल, तर 'गिअर आहे म्हणून जाड तेल' हा हिशेब चुकतो. पंपाला ते ओढता येत नाही आणि लिफ्ट मंदावते. काढलेलं जुनं तेल ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका. कॅनमध्ये भरून जुनं तेल गोळा करणाऱ्यांकडे द्या. आपणच त्या विहिरीचं पाणी पितो.

आधी न्यूट्रलमध्ये दहा मिनिटं चालवा आणि खाली गळती पाहा. मग सपाटीवर एकेक गिअर, मग हलकं काम, आणि सगळ्यांत शेवटी ट्रॉली. काही दिवसांनी पुन्हा थोडं तेल काढून चुंबक फिरवा.

हात कुठे थांबवायचा?

घरी करण्याजोगं काय? क्लचची चाल, गोळी-स्प्रिंग, दांडीचं रबर, तेल, आणि जाणता माणूस सोबत असेल तर क्लच. क्राउन-पिनियनची शिमं, हाय-लोचा ग्रहमाला गिअर, पेटीला गेलेला तडा आणि आतला हायड्रॉलिक पंप हे मात्र मिस्त्रींचंच काम. तिथे मापाचा फरक केसाएवढा असतो. मिस्त्रींना घरी बोलवा, धुणं आणि उचलणं आपण करा, मोजणं त्यांना करू द्या. त्यांच्या रोजावर घासाघीस करू नका. या कामाचं बरंचसं ज्ञान अजून कागदावर आलेलं नाही, ते अशा माणसांच्या कानांत आणि बोटांत आहे.

आणि कधी विकावा? पेटीला तडा असेल, गिअरचे भाग मिळत नसतील, किंवा घरात चालवणारं कुणी उरलं नसेल, तर विकण्यात कमीपणा नाही. फक्त घेणाऱ्याला दोष सांगून विका. त्याच्याही घरी कुणी वाट पाहत असतं.

दादाचा ट्रॅक्टर सहाव्या दिवशी संध्याकाळी चालला आणि पेरणी वेळेवर झाली. दलालाने सांगितलेल्या किमतीच्या मानाने खर्च फार थोडा आला. पण पुतणीने निघताना दोन अटी घातल्या. ट्रॉली जोडण्याआधी ब्रेक नवे करायचे, आणि उतारावर खाली येताना गिअर बदलायचा नाही, वरूनच लहान गिअर टाकून यायचं. दादाने कुरकुर करत दोन्ही मान्य केल्या. तिची वही आता ट्रॅक्टरच्या कागदपत्रांबरोबर कपाटात आहे. फोटो, बेअरिंगचे नंबर, तेलाचं नाव आणि तारीख, सगळं तिच्यात आहे.

तेव्हा तरुण मंडळी, या सुट्टीत गावी गेलात तर एवढं करा. तीस मिनिटं काढून सहा चौकोनांची तपासणी करा, तेलात चुंबक फिरवा आणि दांडीचं रबर पाहा. कुणी दांडी हाताने धरून चालवताना दिसलं, तर वाद घालू नका. किल्ली खिशात घाला आणि मिस्त्रींना फोन करा.

पुढच्या महिन्यात ट्रॅक्टरचे आणि ट्रॉलीचे ब्रेक. तुमचे प्रश्न पाठवत राहा.